नाल्याच्या पुराचा नकाशा: रंगारी बोलावण्यापूर्वी एवढं वाचा

आम्ही पुण्यात नाल्या-ओढ्यांची मोजणी करून पुराचे नकाशे करतो. नाल्याकाठच्या सोसायट्यांचे फोन आम्हाला दोनच वेळी येतात. पहिला जोरदार पाऊस झाला की, नाहीतर फ्लॅट बघायला आलेल्याने "इथे पाणी येतं का हो?" असं विचारलं की. प्रश्नही ठरलेला असतो: आमची बिल्डिंग पूररेषेच्या बाहेर आहे, मग पार्किंगमध्ये पाणी शिरलं कसं?

निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. (२५ वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात चार शक्यता. एकदा येऊन गेला म्हणजे २४ वर्षं सुट्टी, असं नाही.) पण लोकांच्या हातात जो नकाशा असतो तो मुळा-मुठा नद्यांचा. नदी फुगायच्या आधी धरणातून किती विसर्ग सोडला याचे मेसेज फिरतात. ओढ्याचं तसं नसतं. टेकडीवर तास-दीड तास कोसळला की पाणी थेट सीमाभिंतीला लागतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत काय केलं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

म्हणून आम्ही ओढ्याचा स्वतंत्र नकाशा करतो. आणि त्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? पुसलेली खूण शोधण्यात.

पूर ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची एक रेघ राहते. नेमकी हीच रेघ लोक आधी घासून काढतात. भाद्रपद-आश्विनात पाणी आलं तर पाठोपाठ दिवाळी असते, सोसायटी रंगारी बोलावते, आणि आम्ही पोचतो तेव्हा भिंत कोरी करकरीत. मग सुरू होतं, "कमरेएवढं होतं." कोणाच्या कमरेएवढं? चेअरमन सांगतात अडीच फूट, वॉचमन सांगतो चार. रात्री अंधारात, लाइट गेलेली असताना बघितलेलं पाणी असंच लक्षात राहतं, यात कोणाचा दोष नाही. पण जमिनीला ५० फुटांत एक फूट इतका सपाट उतार असेल, तर एका फुटाच्या फरकाने नकाशावरची पाण्याची कड ५० फूट सरकते. म्हणजे मधली अख्खी विंग आत की बाहेर, एवढा फरक.

खूण असेल तर आमचं गणित तपासता येतं. स्वच्छ काँक्रीटच्या नाल्याचा खडबडीतपणा (नाल्याचा पृष्ठभाग पाण्याला किती अडवतो, त्याचा आकडा) आम्ही ०.०१५ च्या आसपास धरतो, झाडोरा आणि राडारोडा असलेल्याचा ०.०३५ किंवा त्याहून जास्त. पाणी तेवढंच असलं तरी पातळी वेगळी निघते. यातला कोणता आकडा तुमच्या नाल्याचा, हे ती रेघ सांगते.

तेव्हा धुण्याआधी रेघेच्या वरच्या कडेला पर्मनंट मार्करने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा. टेप लावून एक फोटो जवळून घ्या, एक लांबून, मागे खिडकी किंवा जिना दिसेल असा. प्रवाहाच्या तोंडावरच्या भिंतीवर पाणी उसळून चढतं, ती खूण फसवी. मीटररूमच्या आतली, जिन्याखालची, बंद गॅरेजमधली रेघ खरी. तिथे पाणी शांत उभं असतं. मीटरबॉक्सच्या दारामागे गवताचं बी आणि थर्माकोलचे कण एका ओळीत चिकटलेले दिसतात. ते तर सोन्याहून मोलाचे, झाडू मारू नका.

"मोबाइलवर उंची दिसते, मग तुमचे पैसे कशाला?" हेही विचारतात. उपग्रहाची फुकट मिळणारी उंची साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक, आणि तीही काही मीटर इकडेतिकडे. तुमचा नाला सहा मीटर रुंद. त्या चौकोनात नाला, भिंत आणि गच्ची सगळं एकच होऊन जातं.

"आमच्या हद्दीपुरतंच मोजा, स्वस्त पडेल," याला मात्र आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. सहा मीटर रुंद, दोन मीटर खोल नाल्याचा छेद १२ चौरस मीटर. खाली रस्त्याच्या मोरीत एक मीटर व्यासाचे चार पाइप असले तर जागा उरते जेमतेम तीन चौरस मीटर. पाणी तिथे तुंबतं आणि मागे तुमच्याकडे चढतं. ती मोरी मोजल्याशिवाय दिलेला नकाशा म्हणजे नुसतं चित्र. बिलात हद्दीबाहेरचं काम दिसतं ते यासाठी.

आर्किटेक्टचा जुना प्लॅन असेल तर जरूर द्या, पण त्यातली १००.०० ही लेव्हल (जमिनीची उंची) बहुधा गृहीत धरलेली असते. आम्ही ती समुद्रसपाटीच्या बेंचमार्कशी (समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की माहीत असलेल्या खुणेशी) जोडून घेतो आणि गेटपाशी उंची मोजायची कायमची पट्टी बसवतो. पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढले की तो किती उंच झाला, हे त्याच पट्टीवरून दाखवता येतं.

पूररेषेचा सरकारी दाखला आम्ही देत नाही, आणि "इथे पाणी येणार नाही" असं लिहून तर कोणालाच देत नाही. पाणी किती आलं तर कुठवर येईल, जनरेटर आणि पंपाचं पॅनल किती उचलायला हवं, हे देतो.

फोटो व्हॉट्सॅपवर पाठवले तर बघायचे पैसे घेत नाही. नाल्यात उतरून मोजणी मार्च ते मे. जूनमध्ये फोन केलात तर दर तोच राहील, नकाशा मात्र दिवाळीनंतर मिळेल.