कपिंग (कॉफीची चाखणी)

भाजून जाडसर दळलेल्या कॉफीवर ठरावीक मापाने गरम पाणी ओतून, ती न गाळता, तिचा गंध, चव आणि दोष तपासण्याची पद्धत. कच्च्या (हिरव्या) कॉफीची खरेदी-विक्री, प्रतवारी आणि मळ्यावरच्या प्रक्रियेची तपासणी यांसाठी ती जगभर वापरली जाते. अलीकडे शहरांतील स्वतंत्र कॅफेही हीच चाखणी ग्राहकांसमोर करतात. तिथे चवींच्या वर्णनालाच बहुतेक वेळा महत्त्व मिळते. पण कपिंगचे मूळ काम दोष पकडणे हे आहे. तिचे सगळे नियम त्या कामातूनच आलेले आहेत.

उगम : एकोणिसाव्या शतकात कॉफीचा भाव दाण्याचा आकार, रंग आणि बंदराचे नाव यांवर ठरे. मोका, जावा ही नावे म्हणजेच प्रत मानली जाई. कपातली चव पाहून भाव ठरवण्याची रीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को येथे, बहुधा १८८० च्या दशकात सुरू झाली. तिचे श्रेय क्लॅरेन्स बिकफर्ड या दलालाला दिले जाते. मध्य अमेरिकेच्या उंच भागातील, विशेषतः ग्वातेमालाची, कॉफी दाणा बारीक म्हणून स्वस्तात विकली जाई; कपात मात्र ती मोठ्या दाण्याच्या मालापेक्षा सरस उतरते, हे त्याने दाखवून दिले असे सांगतात. त्याच शहरातील हिल्स ब्रदर्स या कॉफी भाजणाऱ्या पेढीने ही पद्धत लवकर उचलली. दुसऱ्या मतानुसार मूळ चहाच्या व्यापारात आहे, कारण लंडनच्या चहा-लिलावांत कप मांडून चाखणे त्याआधीपासून रूढ होते. दोन्ही मते एकमेकांना छेद देत नाहीत. कप मांडण्याची कल्पना चहाकडून आली असावी. कॉफीच्या भावाशी तिची सांगड घातली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या दलालांनी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ब्राझीलमध्ये साधारण विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झालेली प्रतवारी याहून वेगळ्या वळणाची आहे. ‘स्ट्रिक्टली सॉफ्ट’पासून ‘हार्ड’ आणि ‘रिओ’पर्यंतच्या तिच्या पायऱ्या मुख्यतः दोष किती आहे एवढेच सांगतात, गुणांचे वर्णन त्यांत फारसे नाही.

‘स्पेशालिटी कॉफी’ (म्हणजे चवीने वरच्या प्रतीची, निर्दोष कॉफी) हा शब्दप्रयोग एर्ना क्नुत्सेन यांनी १९७४ मध्ये एका व्यापारी नियतकालिकातून रूढ केला. अमेरिकेतील स्पेशालिटी कॉफी संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली आणि २०१७ मध्ये ती आणि युरोपीय संघटना एकत्र येऊन आजची एससीए (स्पेशालिटी कॉफी असोसिएशन) झाली. पुढे वर्णिलेली पद्धत याच संघटनेच्या जुन्या नियमांवर आधारलेली आहे.

कृती : प्रमाण १५० मिली पाण्यास ८.२५ ग्रॅम कॉफी, म्हणजे २०० मिलीच्या वाडग्यास ११ ग्रॅम. नमुना फिका ते मध्यम भाजतात. भाजणी ८ ते १२ मिनिटांची असते, आणि त्यानंतर दाणे किमान ८ तास मुरवून २४ तासांच्या आत चाखतात. भाजणी गडद झाली की मळ्याची चव झाकली जाते आणि भट्टीचीच चव उरते. म्हणून कॅफेत विकायला ठेवलेली गडद कॉफी कपिंगला घेऊन उपयोग नसतो.

प्रत्येक नमुन्याचे पाच कप मांडतात, आणि नवखे लोक नेमके इथेच चुकतात. ५५ ग्रॅम कॉफी एकदम दळून पाच वाडग्यांत वाटून टाकली की पाच कपांना काही अर्थ राहत नाही. आंबलेला किंवा बुरशी लागलेला एखादाच दाणा असेल, तर त्याची पूड पाचही कपांत पातळ होऊन पसरते आणि दोष सापडत नाही. म्हणून ११ ग्रॅम अख्खे दाणे प्रत्येक वाडग्यासाठी वेगळे तोलून वेगळे दळतात. मग तो दाणा एकाच कपात उतरतो आणि बाकीच्या चारांच्या शेजारी उघडा पडतो. नमुना बदलताना नव्या नमुन्याचे थोडे दाणे आधी दळून फेकतात, नाहीतर चक्कीत अडकलेली आधीची पूड पहिल्या कपात येते. दळण कागदी गाळणीने करायच्या कॉफीपेक्षा किंचित जाड असावे. फार बारीक झाले तर भुकटी तळाशी बसत नाही आणि प्रत्येक चमच्यात कडवट गाळ येतो.

कोरड्या पुडीचा वास दळल्यापासून १५ मिनिटांच्या आत घेतात. मग सुमारे ९३ अंश सेल्सिअसचे पाणी काठोकाठ ओततात आणि चार मिनिटे वाडग्याला हात लावत नाहीत. वर भुकटीचा थर जमतो. तो चमच्याच्या पाठीने तीनदा हलवून फोडतात. नाक तेव्हा वाडग्याच्या काठाशीच असावे लागते, कारण ओला गंध त्या क्षणी सर्वांत दाट असतो. पाचही कप सारखेच हलवले पाहिजेत. एक जास्त ढवळला की तो जास्त उतरतो आणि उगाच वेगळा लागतो. दोन चमचे घेऊन फेस काढून टाकतात.

पाणी ओतल्यानंतर ८ ते १० मिनिटांनी, कॉफी ७१ अंशांच्या आसपास आली की चाखणे सुरू होते. चमचाभर कॉफीचा जोरात भुरका मारतात. त्यामुळे तिचा फवारा सगळ्या जिभेवर पसरतो आणि वाफ घशातून नाकात चढते. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातले बरेचसे तिथेच कळते. घोट थुंकण्यासाठी पेला जवळ ठेवतात. दर कपानंतर चमचा गरम पाण्यात बुडवतात, नाहीतर फेनॉलसारखा औषधी दोष एका कपातून दुसऱ्यात जातो. आंबटपणा, दाटपणा आणि समतोल ७० ते ६० अंशांच्या दरम्यान, तर गोडवा, निर्मळपणा आणि कपाकपांतला एकसारखेपणा ३८ अंशांच्या खाली तपासतात. गरम कॉफी दोष लपवते, निवलेली उघड करते. सर्वांचे गुण लिहून होईपर्यंत टेबलावर कोणी बोलत नाही. ‘जांभूळ’ असे एकाने म्हटले की इतरांनाही जांभूळच लागते.

पाणी : भारतीय शहरांत बिघडते ते बहुधा इथेच. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दर लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम असावे. बोअरच्या जड पाण्यात कॉफीचा आंबटपणा मरतो आणि कप सपाट लागतो. उलट, घरगुती आरओ यंत्रातून क्षार जवळजवळ नाहीसे झालेले पाणी आले तर आंबटपणा बोचरा होतो आणि गोडवा उतरत नाही. आरओच्या पाण्यात थोडे साधे गाळलेले पाणी मिसळून टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरने मोजणे, हा सोपा उपाय.

गुणांकन : या संघटनेच्या २००४ च्या तक्त्यात शंभरपैकी गुण दिले जातात आणि ८० किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर ती स्पेशालिटी कॉफी ठरते. गंध, चव, मागून रेंगाळणारी चव, आंबटपणा, दाटपणा, समतोल आणि एकंदर मत यांना ६ ते १० पर्यंत पाव-पाव गुणांच्या पायऱ्या. एकसारखेपणा, निर्मळपणा आणि गोडवा यांना दर कपाला दोन गुण. पहिल्या सातांत प्रत्येकी ८ गुण मिळवणारी निर्दोष कॉफी ५६ अधिक ३० म्हणजे ८६ वर जाते. त्यातला एक कप आंबलेला निघाला तर एकसारखेपणाचे २, निर्मळपणाचे २ आणि मोठ्या दोषाचे ४ असे ८ गुण वजा होतात. गोडव्याचे गुण शाबूत धरले तरी ७८ उरतात आणि माल स्पेशालिटीच्या बाहेर पडतो. फळ वाळवताना ढीग वेळेवर न उलटणे एवढे त्याला पुरते.

२०२३ पासून एससीएने नवी मूल्यमापन-पद्धत पुढे आणली. तिच्यात वर्णन आणि पसंती यांचे तक्ते वेगळे केले आहेत. हा बदल योग्य दिशेचा आहे, आणि मॉन्सून्ड मलबारचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. पश्चिम किनाऱ्यावर, मुख्यतः मंगळूर भागात, पावसाळी दमट वाऱ्यात ठेवलेले हे दाणे फुगतात, फिके पिवळे पडतात. आंबटपणा जवळजवळ जातो आणि मातकट, मसालेदार चव येते. जुन्या तक्त्यावर ती सहज दोषात मोजली जाते, मात्र तीच चव हवी म्हणून तिला गिऱ्हाईक आहे.

रोबस्टा या कॉफीच्या कडवट, दाट प्रकारासाठी २०१० पासून वेगळे निकष आहेत. भारताच्या कॉफी उत्पादनात रोबस्टाचा वाटा सुमारे ७० टक्के असल्याने इकडे ते अधिक परिचित व्हायला हवेत.

भारत : १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना पीक कॉफी बोर्डाकडे एकत्र जमा करावे लागे. प्लँटेशन ए, पीबेरी, चेरी एबी अशा आकार व प्रक्रियेवर आधारलेल्या प्रतींत ते मिसळून विकले जाई, त्यामुळे मळ्याची स्वतंत्र चव ओळखायला वावच नव्हता. १९९० च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली. मळ्याचे नाव पिशवीवर आले ते त्यानंतर. बोर्डाची ‘फ्लेवर ऑफ इंडिया’ ही कप-स्पर्धा २००२ पासूनची. कर्नाटकातील बाळेहोन्नूर येथील कॉफी संशोधन केंद्राची एस. ७९५ ही कॉफीची जात आजही चाखणीच्या टेबलावर वरचेवर भेटते.

महाराष्ट्रात कॉफीची लागवड नावापुरती, अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या परिसरात आहे. भाजणी आणि चाखणी मात्र मुंबई, पुणे आणि नागपूर येथे चांगलीच रुजली आहे. मुंबईचे सुबको आणि नागपूरचे कॉरिडॉर सेव्हन ही कॉफी भाजणाऱ्यांतली परिचित नावे.

कॅफेत : कपिंगचा कप आणि कॅफेतला कप एक नव्हे. कागदी गाळणी तेल अडवते, त्यामुळे तीच कॉफी हलकी व स्वच्छ लागते. दाटपणाबद्दलचे टेबलावरचे मत तिथे लागू पडत नाही. तुलना करायची तर एकाच कॅफेत एकाच पद्धतीने (साधारण १५ ग्रॅमला २५० मिली) एक धुतलेली (गर काढून, धुऊन वाळवलेली), एक फळासकट वाळवलेली अशा दोन कॉफी शेजारी मागवाव्यात. पिशवीवर भाजणीची तारीख, मळा, जात आणि प्रक्रिया पाहावी. भाजणीची तारीख नसेल तर बाकी माहितीचा भरवसा धरू नये. पान, बडीशेप, तिखट जेवण किंवा दाट अत्तर यांनंतर चाखू नये. साखर-दूध न घालता कॉफी कोमट होईपर्यंत थांबावे आणि शेवटचा घोट पहिल्याशी ताडून पाहावा. तो तुरट किंवा लाकडासारखा लागला तर कच्च्या फळाचा किंवा जुन्या मालाचा संशय घ्यावा. कॉफी करणाऱ्याचा हात चुकला का, हे त्यानंतर.