घोळका, थवा आणि सहाचा आकडा

निऑन टेट्रा हा टाकीत पाळायचा चिमुकला मासा घ्यायला गेलं की ‘सहा तरी घ्या, थव्याचा मासा आहे’ हे वाक्य ऐकू येतंच. टाकीत सोडल्यावर पहिले दोन दिवस ते सहाही जण एका कोपऱ्यात, एकाच दिशेला तोंड करून, चिकटून उभे असतात. मालक खूश. तीन आठवड्यांनी बघावं तर एक फिल्टरच्या पाइपमागे, दोन झाडांच्या बुंध्याशी, बाकीचे आपापल्या उद्योगात. ‘थवा मोडला’ म्हणून मालक पाण्याच्या चाचण्या करू लागतो. खरं तर मासे रुळलेले असतात. गोंधळ ‘थवा’ या शब्दाने घातलेला असतो.

टाकीत मासे पाळण्याच्या हौसेचा सुरुवातीचा काळ चटकन उरकता येतो. १८६९ मध्ये पॅरडाइज फिश पॅरिसला पोचला आणि युरोपात उष्ण प्रदेशातल्या माशांची हौस सुरू झाली. तेव्हा मासे महाग, प्रवासात मरणारे. त्यामुळे नजर असायची ती जोडीवर आणि पिल्लं काढण्यावर. आज डझनाने ठेवला जाणारा हार्लेक्विन रासबोरा १९०४ सालीच शास्त्राच्या नोंदीत आला, झेब्रा डॅनिओ तर १८२२ पासून माहीत होता. मासे होते, थवा पाळायची कल्पना मात्र रुजायची होती.

ती रुजवली निऑनने. ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला हा मासा १९३६ मध्ये नोंदवला गेला. एकटा निऑन म्हणजे एक निळी रेघ. वीस निऑन म्हणजे टाकीचं रूपच पालटतं. महायुद्धानंतर विमानवाहतूक आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, मऊ आणि आम्लधर्मी पाण्यात निऑनची पैदास जमू लागली आणि मासा स्वस्त झाला. १९५६ मध्ये कार्डिनल टेट्राची भर पडली. वेगवेगळ्या जातींच्या मिश्र टाकीत ‘थव्याचे मासे’ असा वेगळा कप्पा पडला तो याच सुमारास.

आता तो शब्द. इंग्रजीत ‘शोल’ आणि ‘स्कूल’ हे दोन शब्द बराच काळ अदलाबदलीने वापरले जात; अमेरिकेत तर दोन्हींसाठी ‘स्कूल’च चालायचं. १९८३ मध्ये एका ब्रिटिश संशोधकाने वाटणी सुचवली: एकमेकांच्या सोबतीसाठी जमलेले मासे म्हणजे शोल, त्यातले जेव्हा एकाच दिशेने, एका वेगाने, अंतर राखून पोहतात तेव्हा ते स्कूल. म्हणजे स्कूल ही माशाची जात नव्हे, त्या क्षणाची वागणूक. आपल्याकडे ‘घोळका’ आणि ‘थवा’ हे शब्द आयते आहेत, तरी आपण दोन्हीकडे ‘थवा’च म्हणतो. निऑन घोळक्याने राहणारा मासा आहे. थवा तो गरज पडली तर करतो.

गरज म्हणजे बहुतेकदा भीती. १९३८ मध्ये एका ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने दाखवलं, की मिनो या छोट्या माशाच्या कातडीला जखम झाली की पाण्यात एक द्रव्य सुटतं आणि बाकीचे मासे दचकून एकवटतात. टेट्रा, बार्ब, डॅनिओ यांच्यातही ही सोय आहे. जाळीने मासा पकडताना खरचटला की उरलेले घट्ट गोळा होतात, ते यामुळेही. डोळे झाकलेला मासाही थव्यातली जागा सोडत नाही, शेजाऱ्याची हालचाल त्याला अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या कुशीवरच्या रेषेने, कळते, हे १९७६ च्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे सुंदर कवायत दिसावी म्हणून मोठा मासा सोबत सोडण्याचा सल्ला हा मुळात घाबरवण्याचा सल्ला आहे. तो अजूनही दिला जातो, आणि मला तो पटत नाही.

सहाच्या आकड्याचंही असंच. तो छोट्या टाकीत आणि खिशात मावतो, म्हणून टिकला असं माझं मत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निऑन, व्हाइट क्लाउड मिनो, टायगर बार्ब आणि एंजल फिश एकटे, दोन, पाच आणि दहा असे ठेवून पाहिले. निऑन आणि मिनो लहान गटात जास्त बिचकले आणि कमी एकत्र राहिले. दहांच्या गटात ते सर्वांत निवांत होते. एका प्रयोगावरून नियम होत नाही, पण ‘प्रत्येक जातीचे दोन-दोन द्या’ या मागणीपुढे तो ठेवायला हरकत नाही.

मोठ्या संख्येकडे हौशी लोक वळले ते मात्र अभ्यासाने नव्हे, चित्रांनी. १९९० च्या दशकात एका जपानी छायाचित्रकाराच्या हिरव्यागार टाक्या जगभर पाहिल्या गेल्या. एकाच जातीचे पन्नास-शंभर मासे, बाकी सगळी झाडं. रमीनोज टेट्रा तिथूनच लाडका झाला. हा मासा निवांत असतानाही बऱ्यापैकी रांग धरतो, म्हणून फोटोत उठून दिसतो. त्यातून अपेक्षा वाढल्या आणि घोळक्याने राहणाऱ्या बिचाऱ्या निऑनला नापास ठरवलं गेलं.

२००६ मध्ये म्यानमारमधल्या तळ्यांतून जेमतेम दोन सेंटिमीटरचा, ठिपक्याठिपक्यांचा सेलेस्टियल पर्ल डॅनिओ बाजारात आला आणि त्यालाही ‘थव्याचा मासा’ हाच शिक्का बसला. टाकीत त्याचे नर शेवाळाच्या झुबक्यापाशी ठाण मांडतात, पंख ताणून एकमेकांभोवती गोल फिरतात, आणि हरलेला दुसऱ्या झुबक्यामागे जाऊन बसतो.