टेबलावरून वेळेवर उठण्याचा इतिहास

मेंढीकोट मन लावून खेळणाऱ्याला किती दश्श्या उतरल्या आणि कोणाच्या हातात हुकूम उरले असावेत, याचा हिशेब ठेवण्यात काहीच गैर वाटत नाही. उलट तो न ठेवणाऱ्या भिडूला जोडीदाराची बोलणी खावी लागतात. अमेरिकेतील कॅसिनोंमध्ये मात्र ब्लॅकजॅकच्या टेबलावर असाच हिशेब मनातल्या मनात ठेवणारा माणूस गेली साठ वर्षे नकोसा पाहुणा ठरला आहे. या माणसाविषयी बोलताना त्याच्या स्मरणशक्तीचे कौतुक फार होते, पण मोजणी हा त्याच्या कामातला तुलनेने सोपा भाग आहे. कोणत्या टेबलावर बसायचे, तिथून केव्हा उठायचे आणि हे दोन्ही कोणाच्या नजरेत न भरता कसे करायचे, हा अवघड भाग आहे आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे.

ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येक खेळाडूचा सामना फक्त डीलरशी, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याशी असतो. एकवीसच्या पलीकडे न जाता त्याच्यापेक्षा जास्त बेरीज करायची असते. डीलरला स्वतःचा निर्णय नसतो. बेरीज सोळापर्यंत असेल तर पत्ता घ्यायचाच आणि सतरावर थांबायचे, हे त्याला बांधून दिलेले असते. खेळले गेलेले पत्ते पुढच्या पिसणीपर्यंत परत येत नाहीत, त्यामुळे उरलेल्या पत्त्यांची घडण हातागणिक बदलत जाते. एक्के आणि दहाच्या किमतीचे पत्ते (दश्शी, गुलाम, राणी, राजा) जास्त उरले असतील तर पारडे खेळाडूकडे झुकते, कारण एक्का आणि दहा पहिल्याच दोन पत्त्यांत आल्यावर (या हातालाही ब्लॅकजॅकच म्हणतात) मिळणारी दीडपट रक्कम फक्त खेळाडूला मिळते, आणि बारा ते सोळामध्ये अडकलेला डीलर सक्तीने पत्ता घेऊन एकवीसच्या पलीकडे जाण्याची शक्यता वाढते. लहान पत्ते, विशेषतः पंज्या, डीलरला तारतात.

या खेळाचे पद्धतशीर गणित प्रथम मांडले ते अमेरिकन सैन्याच्या मेरीलँडमधील अ‍ॅबरडीन केंद्रात काम करणाऱ्या बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी. साध्या टेबल-गणकयंत्रांवर आकडेमोड करून त्यांनी १९५६ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक हात कसा खेळावा हे सांगितले होते. गेलेल्या पत्त्यांचा फायदा घेण्याची पद्धत त्यात नव्हती. ती एमआयटीमधील गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम ७०४ या संगणकाच्या साहाय्याने शोधली. एका कॅटमधून चारही पंज्या निघून गेल्या तर खेळाडूला तीन टक्क्यांहून अधिक आघाडी मिळते, हा त्यांचा निष्कर्ष जुगाराच्या जगाला चक्रावून टाकणारा होता. १९६१ मध्ये दोन धनिकांच्या दहा हजार डॉलरांवर त्यांनी नेव्हाडात, म्हणजे लास व्हेगास ज्या राज्यात आहे तिथे, प्रयोग केला आणि ती रक्कम दुपटीहून अधिक झाली. १९६२ मध्ये त्यांचे ‘बीट द डीलर’ आले आणि ही विद्या सार्वजनिक झाली.

त्या काळी बहुतेक टेबलांवर एकच कॅट वापरला जाई. पत्ते वारंवार पिसले जात, म्हणून प्रतिकूल मोजणी दोन-तीन मिनिटांत आपोआप पुसली जाई. खेळाडूने लहान रक्कम लावून तेवढा वेळ काढायचा आणि संधी आली की मोठी रक्कम लावायची. मध्येच उठून जाण्याचे त्याला फारसे कारण नव्हते. त्याला उठवत तो कॅसिनो. रक्कम वाढली की डीलर पत्ते पिसून टाकी, आणि तरीही पाहुणा जिंकत राहिला तर त्याला दार दाखवले जाई.

१ एप्रिल १९६४ रोजी लास व्हेगासमधील कॅसिनोंनी एक्क्यांची जोडी फोडून दोन हात करण्यास बंदी घालून आणि रक्कम दुप्पट करण्याची मुभा अकरा बेरजेपुरती ठेवून सरसकट नियमच बदलले. मोजणी न करणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाने मात्र अशा टेबलांकडे पाठ फिरवली आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आणावे लागले. कॅसिनोंना यातून मिळालेला धडा पुढे फार काळ टिकला: खेळ बिघडवायचा नाही, फक्त मोजणाऱ्याची सोय बिघडवायची. चार, सहा आणि पुढे आठ कॅट एकत्र करून ‘शू’ नावाच्या पेटीतून वाटण्याची पद्धत याच विचाराने पसरली.

टेबल सोडण्याच्या कलेचा जन्म माझ्या मते या पेटीतून झाला. सहा कॅटची पेटी एकदा लहान पत्त्यांनी भारलेली राहिली की ती अवस्था बराच वेळ टिकू शकते, आणि तोवर बसून राहणारा माणूस दर हाताला थोडे थोडे पैसे गमावत असतो. प्रचलित हाय-लो पद्धतीत दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या पत्त्याला अधिक एक, सत्ती ते नव्वीला शून्य आणि दश्शीपासून एक्क्यापर्यंत उणे एक धरतात. आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागले की ‘ट्रू काउंट’ मिळतो. त्याची प्रत्येक पायरी साधारण अर्ध्या टक्क्याची असते आणि कॅसिनोची मूळ आघाडीही चांगल्या नियमांत जवळपास तेवढीच असते. म्हणजे अधिक एकला बरोबरी होते आणि त्याखाली सगळा तोटाच असतो. पेटीतले बहुतांश हात या तोट्याच्या बाजूला पडतात. ते सगळे खेळून मग फायद्याच्या मोजक्या हातांवर दहा-बारा पट रक्कम लावायची, ही जुनी रीत खर्चिक तर होतीच, शिवाय ती वरून पाहणाऱ्याला लगेच कळणारी होती.

या अडचणीवर सत्तरच्या दशकात दोन वेगळी उत्तरे निघाली. अल फ्रान्सेस्को यांनी टोळी उभारली: काही जण वेगवेगळ्या टेबलांवर किरकोळ रकमा लावत मोजणी करायचे आणि संधी आली की खुणेने एका बड्या, बेफिकीर वाटणाऱ्या खेळाडूला बोलवायचे. त्या टोळीतून पुढे आलेले केन उस्टन या पद्धतीमुळे प्रसिद्ध झाले. बडा खेळाडू मोजताना कधी दिसतच नाही, कारण तो येईपर्यंतची मोजणी दुसऱ्यांनी केलेली असते. एकट्या माणसाकडे अशी फौज नसते. त्याच्यासाठीचे उत्तर स्टॅनफर्ड वाँग या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉन फर्ग्युसन यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकातून दिले. टेबलामागे उभे राहून पत्ते पाहायचे, ट्रू काउंट चढला की बसायचे, उतरला की उठायचे. या पद्धतीला आजही त्यांच्याच नावाने ‘वाँगिंग’ म्हणतात.

या पद्धतीतला खरा फायदा गणितापेक्षा वेशांतराचा होता, असे म्हटले तरी चालेल. वाईट हात खेळायचेच नसतील तर लहान आणि मोठ्या रकमेतले अंतर फार ठेवावे लागत नाही, आणि डीलरच्या मागे फिरून टेबलांवर देखरेख ठेवणारा पिट बॉस मुख्यतः हे अंतरच शोधत असतो. पण एक खूण झाकायला गेले की दुसरी उघडी पडते. तासाभरात पाच टेबलांवर बसणारा, प्रत्येक वेळी पेटीच्या मध्यावर येणारा आणि हरायला लागण्यापूर्वीच निघणारा माणूस साध्या शौकिनासारखा दिसत नाही. शौकीन हरत असताना चिकटून बसतो आणि जिंकत असताना तर हलतच नाही. म्हणून एकट्या मोजणाऱ्याला उठण्यासाठी निमित्ते लागू लागली: फोन, सिगारेट, जेवण, शेजारच्या टेबलावरची ओळख. काही जण उठतच नाहीत, चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) तिथेच ठेवून दोन-तीन हात नुसते सोडून देतात आणि पिसणीनंतर परत येतात. कॅसिनोचा दिवस तीन पाळ्यांत चालतो. एका पाळीत तासाभराहून कमी खेळायचे आणि त्याच पाळीच्या कर्मचाऱ्यांसमोर लवकर परत यायचे नाही, ही शिस्तही त्यातूनच आली.

पाळत ठेवणारेही तेवढ्यात शहाणे झाले होते. कॅमेरे येण्यापूर्वी छतावरच्या अरुंद वाटांवरून, एका बाजूने दिसणाऱ्या आरशांतून टेबलांवर नजर ठेवली जाई. १९६७ मध्ये सुरू झालेली ग्रिफिन ही खाजगी तपास संस्था संशयितांच्या छायाचित्रांचे जाडजूड पुस्तक कॅसिनोंना पुरवी, आणि त्यात ठगांच्या शेजारी निव्वळ मोजणी करणाऱ्यांचेही चेहरे असत. नेव्हाडात डोक्याने मोजणे हा कधीच गुन्हा नव्हता. १९८५ च्या कायद्याने तिथे बंदी आली ती उपकरणांवर. तरीही खाजगी जागेचा मालक म्हणून कॅसिनो नको त्या पाहुण्याला खेळू देण्यास नकार देऊ शकतो.

न्यू जर्सीत चित्र निराळे झाले. अटलांटिक सिटीतल्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनल या कॅसिनोने उस्टन यांना खेळण्यास मनाई केली, ते न्यायालयात गेले, आणि १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नियामक आयोगाचा तसा नियम नसताना कॅसिनो केवळ मोजणीसाठी कोणाला वगळू शकत नाही. हा मोजणाऱ्यांचा विजय मानला जातो, पण एकट्या खेळाडूच्या दृष्टीने तो तसा राहिला नाही. माणसाला हाकलता येत नाही म्हटल्यावर कॅसिनोंनी टेबलच बदलले: आठ कॅट, मर्जीनुसार पिसणी, आणि टेबलावर छोटीशी पाटी, की पेटी सुरू झाल्यावर नव्या खेळाडूला पुढच्या पिसणीपर्यंत प्रवेश नाही. त्या पाटीने वाँग यांच्या पद्धतीतले ‘बसणे’ काढून घेतले आणि फक्त ‘उठणे’ शिल्लक ठेवले.

त्यामुळे पुढच्या काळात भर टेबल निवडण्यावर गेला. पिसणीची खूण म्हणून पेटीत घातलेले प्लास्टिकचे कट कार्ड किती खोल आहे, हे पहिले पाहायचे. सहापैकी दीड कॅट मागे ठेवणारा डीलर आणि एकच मागे ठेवणारा डीलर यांच्यात दिवसरात्रीचा फरक असतो. टेबलावर किती माणसे आहेत हे दुसरे, कारण भरलेल्या टेबलावर तासाला हात फार कमी होतात. या शतकात आलेले सहास पाच हे प्रमाण, ज्यात शंभर डॉलरच्या ब्लॅकजॅकला दीडशेऐवजी एकशेवीसच मिळतात, आणि वापरलेले पत्ते लगेच परत मिसळणारी यंत्रे दिसली की मोजणाऱ्याने न थांबता पुढे जायचे असते. अशी टेबले आता इतकी आहेत की त्याचा बराचसा वेळ खेळण्यापेक्षा चालण्यात जातो.

आपल्याकडे गोव्यात हे सगळे गणित एका साध्या गोष्टीपाशी अडते. १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात नव्वदच्या दशकात झालेल्या दुरुस्त्यांनंतर टेबलावरचे खेळ पाण्यावरच्या जहाजांपुरते राहिले, आणि पणजीसमोर मांडवीत नांगरलेल्या या जहाजांवर जाण्यासाठी प्रवेशाचे पॅकेज घ्यावे लागते. लास व्हेगासमधला एकटा खेळाडू ज्या जोरावर इतकी वर्षे तगला, तो म्हणजे रस्ता ओलांडला की दुसरा कॅसिनो, आणि तिथे शिरायला पैसे नाहीत. मांडवीवर टेबल आवडले नाही म्हणून उठलेल्या माणसाला धक्क्यावर नेणाऱ्या होडीची वाट पाहावी लागते आणि दुसऱ्या जहाजावर चढताना पुन्हा पॅकेजचे पैसे मोजावे लागतात.