ठाकऱ्यांचा साप आणि लॅटिनची षष्ठी

2019 साली कोयनेच्या जंगलातल्या एका नव्या मांजऱ्या सापाची नोंद झाली. तेजस ठाकरे यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं ‘बोइगा ठाकरेयी’. बातम्यांत नाव सगळीकडे झळकलं, पण शेवटच्या ‘ई’कडे कुणी पाहिलं नाही. ती शोभेची नाही. शास्त्रीय नावं लॅटिनच्या नियमांनी ठेवतात, आणि ती लॅटिनची षष्ठी विभक्ती आहे: ठाकऱ्यांचा. बाईच्या नावावरून ठेवायचं असतं तर तिथे ‘आए’ आलं असतं.

शाळेत संस्कृतच्या आठ विभक्त्या घोकलेल्यांनी लॅटिनच्या सहांना घाबरायचं कारण नाही. त्यातही षष्ठी मला फार आवडते, कारण प्रथमेत लपलेलं शब्दाचं खरं अंग तिच्यात उघडं पडतं. ‘बोस’ म्हणजे बैल किंवा गाय. त्यात ‘व’ कुठे दिसतो? षष्ठी मात्र ‘बोविस’, आणि म्हणून गाय-म्हैस-शेळीचं कुळ ‘बोविडी’. आपल्याकडे ‘भाऊ’चं ‘भावाचा’ होतं ना, तसंच. ‘होमो’ची षष्ठी ‘होमिनिस’, म्हणून आपलं कुळ ‘होमिनिडी’.

खरी गंमत ‘ओस’ची. तोंडही ‘ओस’, हाडही ‘ओस’. लिहिताना फरक नाही. षष्ठीत तोंडाचं होतं ‘ओरिस’ (त्यावरून ‘ओरल’) आणि हाडाचं ‘ओस्सिस’. जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या एकट्या ‘स’चा ‘र’ झाला. हाडातला ‘स’ जोडीने होता, म्हणून वाचला. संस्कृतातले ‘आस्य’ आणि ‘अस्थि’ याच दोघांचे नातलग. पण एवढ्यावरून लॅटिन संस्कृतच्या पोटी जन्मली असं सांगणारे व्हॉट्सॲप संदेश पुढे ढकलू नका. त्या बहिणी आहेत, माय-लेकी नव्हेत.

डॉक्टर झोपताना घ्यायच्या गोळीपुढे ‘एच.एस.’ लिहितात, तिथेही षष्ठी आहे. ‘होरा सोम्नी’: ‘सोम्नुस’ म्हणजे झोप, ‘सोम्नी’ म्हणजे झोपेच्या. ‘होरा’ इथे पंचमीत आहे, कारण अमुक वेळी हे सांगायला लॅटिन पंचमी वापरते. हा ‘होरा’ मूळचा ग्रीकांचा. लॅटिनने त्यांच्याकडून घेतला, आपल्या ज्योतिषानेही त्यांच्याकडूनच. ‘अहोरात्र’ची पहिली आणि शेवटची अक्षरं गाळून ‘होरा’ झाला असं काही जण मानतात, हे वराहमिहिराने बृहज्जातकात नोंदवलंय, आणि तीच व्युत्पत्ती आजही ठोकून सांगितली जाते. होरा पाहून मुहूर्त काढणाऱ्यांना हा परदेशी माल असल्याचं एकदा सांगून बघा.