अपग्रेडनंतर सर्व्हर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केली, सर्व्हर रिस्टार्ट केला आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द आले, तर घाबरू नका. सुताच्या खरेदीची बिलं, चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी, कामगारांचे पगार हे सगळं बहुतेक वेळा डिस्कवर जागच्या जागी असतं. बिघडलेला असतो तो फक्त बूट लोडर, म्हणजे मशीन चालू झाल्यावर लिनक्सला शोधून उठवणारा छोटा प्रोग्रॅम. अशा वेळी कोणी ‘फॉरमॅट मारून नवीन टाकू’ म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा. खरं नुकसान त्यानंतर सुरू होतं.

आम्ही सर्व्हर दुरुस्त करून देतो. आमच्या ग्राहकांकडे बहुतेक सर्व्हर उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर चालतात आणि त्यांचा बूट लोडर ग्रब आहे. चालू होण्याची जुनी ‘बायोस’ पद्धत असलेल्या मशीनमध्ये ग्रब दोन जागी असतो. डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे अगदी सुरुवातीचा छोटा कप्पा, ५१२ बाइटचा. त्यातले जेमतेम ४४६ बाइट ग्रबच्या वाट्याला येतात, म्हणून त्याचा पुढचा भाग त्या सेक्टरला लागून असतो आणि बाकीच्या फाइली ‘बूट’ फोल्डरमध्ये. अपग्रेडमध्ये फोल्डरमधल्या फाइली नव्या झाल्या आणि पुढचा भाग जुनाच राहिला, की दोघांचं जुळत नाही. मग ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ असा संदेश येतो. जुलै २०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ नावाची सुरक्षेची त्रुटी बुजवणारं अपडेट आलं, तेव्हा अनेक सर्व्हर याच कारणाने अडकले.

पण पुढचा भाग जुना राहतोच का? बहुधा मध्ये कधीतरी डिस्क बदललेली असते. ग्रब कोणत्या डिस्कवर बसवायचा याची नोंद सिस्टीमकडे असते, आणि त्या नोंदीत काढून टाकलेली डिस्कच राहते. दोन डिस्कांचं सॉफ्टवेअर रेड असेल, म्हणजे एकच डेटा दोन्ही डिस्कांवर ठेवलेला असेल, तर जास्त जपा. रेड पार्टिशनमधला (डिस्कच्या पाडलेल्या भागांमधला) डेटा नव्या डिस्कवर उतरवतं, पहिला सेक्टर नाही. त्यामुळे डिस्क बदलली की दोन्ही डिस्कांवर ग्रब बसवून घ्यायचाच. आम्ही डिस्क बदलून देतो तेव्हा हे त्याच कामात धरलेलं असतं.

दुरुस्ती अशी होते. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे थेट लिनक्स सुरू करता येणाऱ्या पेन ड्राइव्हवरून, मशीन चालू करायचं, मूळ पार्टिशन माउंट करायचं (म्हणजे जोडून उघडायचं), सिस्टीमचे डेव्ह, प्रॉक आणि सिस हे फोल्डर जोडून ‘सीएचरूट’ या कमांडने मूळ सिस्टीमच्या आत जायचं, मग ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ या कमांड चालवायच्या. बायोसच्या मशीनवर ग्रब-इन्स्टॉलला पूर्ण डिस्कचं नाव द्यावं लागतं, पार्टिशनचं नाही. यूईएफआयच्या, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या मशीनवर बूट लोडर ठेवलेलं ईएफआय पार्टिशनही माउंट करावं लागतं आणि यूएसबीसुद्धा यूईएफआयमध्येच सुरू झालेली असावी लागते. ही चूक फार जण करतात आणि तासन्‌तास अडकून बसतात.

ग्रबचा मेनू नीट दिसतो पण पुढे ‘कर्नल पॅनिक’ येतं, तेव्हा बहुतेकदा बूट पार्टिशन भरलेलं असतं आणि नव्या कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, सुरुवातीची फाइल अर्धवट लिहिली गेलेली असते. मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायातून जुना कर्नल निवडून बघा. सर्व्हर उठला तर काम चालू ठेवा आणि आम्हाला कळवा.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत कारखाना बंद असताना अपग्रेड उरकायचा विचार असेल तर चांगलंच आहे. जीएसटी भरायच्या २० तारखेच्या तोंडावर मात्र अपग्रेडला हात लावू नका. आधी बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि तो उघडतो का तेही पाहा. बूट पार्टिशनमध्ये जागा आहे ना ते बघा. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर आधी बदला; कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असो की चिंचोळीच्या, वीज मध्येच गेली तर अपग्रेड अर्धवट राहतं.

आणि फोन करण्याआधी पडद्याचा फोटो काढून पाठवा, सगळ्या ओळी दिसतील असा. गेल्या वर्षभरात डिस्क बदलली असेल, मग ती कोणीही बदललेली असो, तेही सांगा. एवढ्यावरून कोणती यूएसबी आणि कोणतं सामान घेऊन निघायचं ते आम्हाला ठरवता येतं.