उष्णता नेमकी अडते कुठे? ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरसाठी एअर कूलर निवडताना

जानेवारी २०११मध्ये इंटेलचा कोअर आय७-२६००के आला आणि हौशी मंडळींना खेळायला भारी वस्तू मिळाली. कंपनीने दिलेला मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ, पण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, मल्टिप्लायर (वेगाचा गुणक) चढवला की हा गडी ४.५ गिगाहर्ट्झवर बिनतक्रार धावायचा. ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, यालाच ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. अट एकच, प्रोसेसरवर बसवून त्याची उष्णता हवेत सोडणारा, खोक्यातून येणारा बुटका कूलर काढून दुसरा बसवायचा. कुठला बसवायचा, हा प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात आजही विचारला जातो आणि काउंटरपलीकडून बहुतेक वेळा 'बजेटमध्ये बसेल तो सगळ्यात मोठा घ्या' असं उत्तर येतं. ते चूक नाही, अर्धवट आहे. कारण बऱ्याच वेळा उष्णता कूलरपर्यंत पोहोचण्याआधीच अडलेली असते.

आधी ती तयार किती होते ते पाहू. प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर दर ठोक्याला भार भरतात आणि सोडतात. या कामात खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. आता २६००केचा हिशेब करा. वेग ३.४वरून ४.५वर नेला, म्हणजे १.३२ पट. तेवढा वेग स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज समजा १.२वरून १.३५ केलं, तर त्याचा वर्ग होतो १.२७ पट. दोन्हींचा गुणाकार जवळपास १.६८. कागदावर ९५ वॅटचा प्रोसेसर १६० वॅटच्या घरात गेला. वेग एक-तृतीयांशाने वाढला, उष्णता दोन-तृतीयांशाने. वर तापलेल्या सिलिकॉनमधून गळणारा प्रवाहही वाढतो, तो वेगळाच. म्हणून प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेले वॅट पाहून कूलर घेऊ नये. आपण काय करणार आहोत, त्याचे वॅट धरावेत.

हे १६० वॅट बाहेर पडतात ते टप्प्याटप्प्याने. सिलिकॉनच्या चकतीतून वरच्या धातूच्या झाकणात, झाकणातून थर्मल पेस्टच्या थरात, तिथून कूलरच्या तळव्यात, मग त्यातून निघणाऱ्या नळ्यांत, नळ्यांवरच्या धातूच्या पातळ पात्यांत आणि शेवटी पंख्याच्या हवेत. प्रत्येक टप्पा थोडा अडथळा करतो आणि तो मोजतात 'दर वॅटमागे किती अंश' असा. अडथळा ०.२ असेल तर १६० वॅटला ३२ अंशांचा फरक पडणारच. सगळ्या टप्प्यांचे फरक बेरजेने चढत जातात. कूलर बदलला की त्या बेरजेतला एकच आकडा बदलतो, हे दुकानात उभं राहिल्यावर नेमकं विसरलं जातं.

याचा लख्ख पुरावा लगेच पुढच्याच वर्षी मिळाला. २०१२मध्ये आय७-३७७०के आला. ट्रान्झिस्टर घडवण्याचं तंत्रज्ञान ३२वरून आणखी बारीक २२ नॅनोमीटरवर गेलेलं, कागदावरचे वॅट ९५वरून ७७वर उतरलेले. तरीही ओव्हरक्लॉक केल्यावर तो २६००केपेक्षा जास्त तापायचा. लोकांनी ब्लेडने झाकण उचकटून पाहिलं. जुन्या प्रोसेसरमध्ये चकती आणि झाकण यांच्यात धातूचं सोल्डर होतं, नव्यात साधी पेस्ट. शिवाय झाकण चिकटवणाऱ्या गोंदाच्या थरामुळे मधली फट थोडी जास्तच राहिलेली. गोंद खरवडून आणि द्रवधातूची पेस्ट भरून झाकण परत ठेवलं की तापमान दहा अंशांहूनही जास्त उतरायचं. वरचा कूलर तोच, पंखा तोच. इंटेलने आपल्या मुख्य प्रवाहातल्या ओव्हरक्लॉकिंगच्या प्रोसेसरमध्ये सोल्डर परत आणलं ते २०१८च्या कोअर आय९-९९००केपासून. (झाकण उचकटण्याचा उद्योग करू नका. वॉरंटी जाते, आणि ब्लेड जरा घसरलं की प्रोसेसरही जातो.)

आजच्या चिपमध्ये अडथळ्याचं कारण आणखी वेगळं आहे, जागाच कमी. २०२२च्या एएमडी रायझन ९ ७९५०एक्समध्ये गणनेचं काम दोन चकत्या करतात, प्रत्येकी जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या. अख्ख्या प्रोसेसरला २३० वॅटपर्यंत वीज घ्यायची मुभा आहे. एका चकतीतून १०० वॅट निघतात असं धरलं तर दर चौरस सेंटिमीटरला १४०च्या आसपास वॅट होतात. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीच्या तव्याला हाच आकडा पाचच्या आसपास येतो. त्यात एएमडीने जुने कूलर नव्या सॉकेटवर (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या खाचेवर) बसावेत म्हणून झाकण जाड ठेवलं. त्यामुळे हा प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर जातो आणि तिथेच चालत राहतो. कंपनीनेच तो तसा बेतला आहे. अशा चिपवर चांगल्या कूलरऐवजी अतिउत्तम कूलर बसवला तर तापमान फारसं उतरत नाही, वेग थोडासा चढतो. त्या थोड्याशासाठी दुप्पट पैसे मोजायचे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी मोजणार नाही.

आता खुद्द कूलर. त्याचा जीव असतो तांब्याच्या नळ्यांत. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलरना या कल्पनेचं पेटंट १९४४मध्ये मिळालं होतं, पण ते पडूनच राहिलं. १९६३मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, अंतराळयानांसाठी. नळी आतून पोकळ, बहुतेक हवा काढून टाकलेली, आत थोडंसं पाणी. दाब इतका कमी की पाणी चाळीस-पन्नास अंशांनाही उकळतं. तळव्याशी वाफ होते, वर पात्यांपाशी जाऊन तिचं पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते शोषलं जात पुन्हा तळाशी येतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० जूल उचलले जातात. म्हणजे १६० वॅट वाहून न्यायला सेकंदाला एका ग्रॅमच्या पंधराव्या हिश्श्याएवढं पाणी पुरतं. मात्र ६ मिलिमीटर जाडीची एक नळी साधारण ३० ते ४० वॅटच झेपवते. त्यापुढे वाफ होण्याचा वेग पाणी परतण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो, तळ कोरडा पडतो आणि तापमान एकदम उसळी घेतं. चार नळ्यांचा कूलर मास्टर हायपर २१२ साध्या प्रोसेसरला छान, थोड्या ओव्हरक्लॉकलाही ठीक. १६०च्या पुढे जायचं तर सहा नळ्या आणि पात्यांचे दोन मनोरे हवेत.

नळ्या किती, यासोबत त्या कुठे आहेत तेही बघा. रायझनमधल्या तापणाऱ्या चकत्या मध्यावर नसतात, एका कडेला असतात. नॉक्टुआ ही ऑस्ट्रियन कंपनी यासाठी कूलर ७ मिलिमीटर सरकवून बसवायच्या पट्ट्या देते आणि तेवढ्याने एक ते तीन अंश वाचतात. ज्या स्वस्त कूलरमध्ये नळ्या थेट प्रोसेसरला टेकतात, त्यांत कडेची नळी नेमक्या चकतीवर येते की नाही हे नशिबावर.

पंख्याचं गणित तुलनेने सोपं. सेकंदाला २४ लिटर हवा पात्यांतून गेली तर १६० वॅट तिला साडेपाच अंशांनी तापवतात. हवा दुप्पट केली तर हा आकडा निम्मा होतो, म्हणजे जेमतेम तीन अंशांची कमाई, पण तोच पंखा दुप्पट वेगाने फिरवला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. म्हणून १४० मिलिमीटरचा पंखा हळू फिरवणं केव्हाही बरं.

इंटरनेटवरच्या बहुतेक चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. नागपुरात मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल तर प्रत्येक आकड्यात पंधरा-वीस अंश सरळ मिळवायचे. एअर कूलर कितीही महाग असो, कॅबिनेटमधल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. खिडकीत वाळ्याचा कूलर लावून खोली उतरवली तर प्रोसेसरही जवळपास तितकाच उतरतो, फक्त कॅबिनेट त्याच्या ओल्या झोताच्या समोर नको. पुढून काच आणि हवेला बोटभर फट, अशा देखण्या कॅबिनेटमध्ये कुठलाच कूलर नीट चालत नाही. आधी जाळीवाला दर्शनी भाग घ्या, उरलेल्या पैशांत कूलर.

मापं घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. नॉक्टुआ एनएच-डी१५ची उंची १६५ मिलिमीटर आहे आणि पुष्कळ कॅबिनेट १६०लाच हात टेकतात. त्याच्या पुढच्या पंख्याखाली ३२ मिलिमीटरपर्यंतचीच रॅम बसते. चमचमणाऱ्या दिव्यांची रॅम त्याहून उंच असते. पंख्यांसकट वजन १ किलो ३२० ग्रॅम, आणि ते उभ्या मदरबोर्डवर आडवं लटकतं. गावी नेताना कॅबिनेट आडवं झोपवून, मदरबोर्ड खाली येईल असं ठेवा. कुरिअरने पाठवायचं असेल तर कूलर उतरवूनच.

बसवल्यावर अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान पाहा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करा. आकडा जास्त वाटला तर नव्या कूलरची चौकशी करण्याआधी बायोसमध्ये व्होल्टेज १.३५वरून १.३० करून बघा. वर्गाच्या हिशेबाने उष्णता सात टक्क्यांनी घटते, १६०चे १४८ वॅट होतात. पुन्हा भार द्या. मशीन तासभर न अडखळता चाललं तर अजून एक पायरी खाली उतरा.