नारोशंकराचा काळा दगड, ओला आणि कोरडा

रविवारी सकाळी नाशिकच्या गोदाघाटावर चार-दोन जण मांडीवर बोर्ड घेऊन लँडस्केप करत असतातच. मागे एकदा दोघींची चित्रं शेजारी शेजारी पाहायला मिळाली. समोर 1747 सालचं नारोशंकराचं देऊळ. एकीच्या जलरंगात ते उन्हात विरघळत होतं, तर दुसरीच्या तैलरंगात नदीवर डोळे वटारून बसलं होतं.

मला वाटतं, यात स्वभावापेक्षा उजेडाच्या वाटेचा हात मोठा.

जलरंग म्हणजे रंगाची पूड आणि बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा डिंक. ऊन त्या विरळ थरातून आत जातं, पांढऱ्या कागदावर आपटून परत येतं. म्हणून शिखरावरचं ऊन रंगवायचं नसतं, तेवढा कागद कोरा सोडायचा असतो. आणि तो कुठे, हे ब्रश भिजवायच्या आधी ठरवावं लागतं. दगडासाठी तिनं निळं अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळलं. अल्ट्रामरीनचे कण खडबडीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसले आणि वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, वाळता वाळता बेसॉल्टचा खरखरीतपणा आपसूक उमटला. कडा मात्र गडद झाल्या. कडेचं पाणी आधी उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कण घेऊन तिकडे सरकतं. चहाच्या डागाला कड येते ती अशीच.

आता घाटाची पायरी बघा. कोरडी असते तेव्हा राखाडी, भिजली की काळीभोर. कोरड्या दगडाच्या बारीक खाचांत हवा असते, त्यामुळे पृष्ठभागावरच बराच प्रकाश विखुरतो. पाणी भरलं की तो आत शिरतो आणि तिथेच जिरतो. जलरंगातलं पाणी उडून जातं, म्हणून रंग वाळल्यावर फिकुटतो. तैलरंगातलं जवसाचं तेल मात्र उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, सुरुवातीला त्याचं वजन चक्क वाढतं! पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, 1.33, या तेलाचा 1.48च्या आसपास, आणि ते रंगकणांना कायम वेढून राहतं. तैलचित्रातला दगड जन्मभर ओलाच. त्यावर ऊन शेवटी, पांढऱ्याचा जाड फटकारा मारून आणता येतं. मन बदललं तर खरवडताही येतं.

जलरंगवाली देवळाच्या घंटेवरची चकाकी सोडायला विसरली होती. ओल्या ब्रशनं तिनं रंग उचलून पाहिला. तांबूस डाग राहिलाच. घंटा गंजल्यासारखी दिसू लागली.

तिनं ती तशीच ठेवली.